रोज पुसलेली काच

मला काच कापता येते. पीएचडीचं नंतर सांगते, हे आधी. कारण पीएचडी झालेली माणसं मी ढिगाने पाहिली आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना सरळ रेषेत काच कापता येत नाही.

महाडच्या बाजारपेठेत माझ्या वडिलांचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. बाबा मूळचे वरंध गावचे. वरंध सोडून तीसेक वर्षं झाली तरी बोलणं तिथलंच राहिलं, आणि ते बदलावं असं त्यांना कधी वाटलं नाही. दुकानात भिंतभर देव, त्यांच्या खाली लग्नाचे जोडफोटो, पलटणीतले जवान, दुबईला गेलेल्या कुणाचातरी मोटारीला टेकून काढलेला फोटो. सावित्री नदीचं पाणी पावसाळ्यात बाजारात शिरायचं, म्हणून काचा ठेवायची मांडणी बाबांनी छातीच्या उंचीवर करून घेतली होती. दहा वर्षांची असताना मी स्टुलावर उभी राहून त्या मांडणीतून काच काढायला शिकले आणि मग कापायला. काच कापायची हिरकणी, म्हणजे टोकाला हिऱ्याचा कण बसवलेली कांडी, बाबा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मला देत.

"एकदाच वढायची," ते सांगत. "काचेला एकदाच सांगायचं. दोनदा सांगितलं की ती ऐकत नाय."

दुसरी शिकवण पुसण्याची. वर्तमानपत्राचा ओला बोळा, मग कोरडा बोळा, आणि शेवटी काच तोंडाजवळ धरून तोंड उघडून 'हाऽ' करून ऊन श्वास सोडायचा. वाफ सगळीकडे सारखी बसली तर काच स्वच्छ. कुठे ठिपका किंवा ओघळ दिसला तर तिथे तेलकट काहीतरी आहे, पुन्हा पुसा. बाबा रोज सकाळी दुकान उघडलं की आधी भिंतीवरची एकूण एक फ्रेम पुसत आणि मगच उदबत्ती लावत. फोटोला बोटाचा डाग लागला तर गिऱ्हाईक काही बोलत नसे, पण बाबांचा दिवस वाईट जाई.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मुंबईला एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागले. विषय असा होता. घड्याळाच्या पडद्यापासून सौर पट्टीपर्यंत कितीतरी वस्तूंना अशी काच लागते जिच्यातून आरपार दिसतं आणि जिच्यावरून वीजही जाते. काच स्वतः वीज नेत नाही, म्हणून तिच्यावर एका महागड्या धातूच्या संयुगाचा पातळ थर देतात. तो थर आपण साध्या कार्बनचा देऊ शकतो का, हे मला बघायचं होतं. आम्ही कापूर जाळून त्याची काजळी धरायचो, अगदी घरी बाळासाठी काजळ धरतात तशी. ती दाबून वडी करायची, हवा काढून घेतलेल्या पेटीत ठेवायची आणि तिच्यावर लेझरचे झोत मारायचे. झोत बसला की वडीतला कार्बन उडतो आणि समोरच्या काचेवर जाऊन बसतो. मग दुसऱ्यांदा, हलक्या हाताने, तोच लेझर काचेवरून फिरवायचा. त्याने आतला विस्कटलेला कार्बन जरा रांगेत येतो आणि वीज जायला वाट मिळते.

मी सुट्टीत घरी आले की हे सगळं बाबांना सांगे. त्यांनी त्यातलं जेवढं घ्यायचं तेवढं घेतलं आणि अख्ख्या बाजारात सांगून टाकलं की माझी लेक काचेवरनं वीज नेणार हाय.

शेजारच्या गाळ्यात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणारे चाचा होते. काही वर्षं आखातात काढून परत आलेले, तारांच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. ते खो खो हसले. "अरे, काचेवरून वीज गेली असती तर खिडकी पुसता पुसता निम्मं महाड मेलं असतं!"

बाबा हसले नाहीत. "बघशील," एवढंच म्हणाले.

या 'बघशील'ने माझी झोप उडवली. कारण बघण्यासारखं काही होत नव्हतं. थर जाड दिला की वीज जाई, पण काच चहाच्या गाळणीसारखी काळी. थर पातळ दिला की काच छान दिसे, पण वीज जागच्या जागी मेलेली. आणि मधला कुठला थर जमलाच तर तो ठिकठिकाणी फाटका. दोन वर्षं अशी गेली. माझ्या सरांनी, म्हणजे गाइडनी, शांतपणे सांगितलं की दिवाळीपर्यंत एक तरी अखंड थर दाखवा, नाहीतर विषय बदलू. मी तापट आहे. मी सरांवर चिडले, लेझरवर चिडले, कापरावरही चिडले. आणि गणपतीला घरी आले तेव्हा राग काढायला बाबा सापडले.

ते फ्रेम पुसत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काच कशानं पुसता?"

मी तीन रसायनांची नावं सांगितली, जरा तोऱ्यातच.

"आणि मग हा करून बघता का?"

मला हसू आलं. बाबा, ती प्रयोगशाळा आहे, तिथे काचेवर श्वास सोडला तर मला बाहेर काढतील, असं काहीतरी मी म्हणाले. ते पुढची फ्रेम पुसायला लागले.

परत गेल्यावर मात्र, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, मी डब्यातली एक धुतलेली काच उचलली आणि 'हाऽ' केलं. वाफ बसली ती कोड फुटल्यासारखी, ठिपक्या-ठिपक्यांनी. माझे थर फाटायचे तसेच ठिपके, तेवढेच. काचा आम्ही उत्तम धूत होतो, पण धुतल्यावर ठेवत होतो एका स्पंज घातलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात, आणि त्या स्पंजाचा कसलातरी तेलकट अंश काचेला लागत होता. डब्यावर खर्च झालेला होता म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेतला नव्हता.

मी डबा बदलला. प्रत्येक खेपेतली एक काच श्वासाने तपासायची आणि ती बाजूला ठेवायची, बाकीच्या वापरायच्या. दिवाळीला अजून दोन आठवडे होते तेव्हा पहिला अखंड थर मिळाला. धूसर, अगदी हलका, उन्हाच्या चष्म्याहून फिका, आणि मीटर सांगत होता की वीज जाते आहे. सरांनी विचारलं की ही युक्ती कुठली. मी म्हटलं, महाडची. तेव्हापासून त्या प्रयोगशाळेत तिला 'महाड टेस्ट' म्हणायला लागले. परदेशी शिकून आलेली मुलं माझ्यासमोर काचेवर हा करायची आणि मला विचारायची, मॅडम, बरोबर बसली का? मी काच उजेडात धरून बाबांच्या आवाजात सांगे, नाय, पुन्हा पूस. मला त्या दिवसांचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पदवी मिळाली तेव्हा बाबांसाठी मी एक काच नेली. तळहाताएवढी, मीच कापलेली, मीच थर दिलेला. दोन कडांना चांदीचा लेप, त्यातून निघालेल्या तारा, तीन पेन्सिल सेल, दिवा जळू नये म्हणून एक छोटा रेझिस्टर आणि गव्हाएवढा लाल दिवा. वीज सेलमधून निघून काचेवरूनच दिव्याकडे जाणार, दुसरी वाट नाही. बटण दाबलं, दिवा लागला. मंद होता, डाळिंबाच्या दाण्यासारखा, पण लागला.

बाबांनी चाचांना बोलावलं. चाचांनी काचेच्या मागे बोट धरून बघितलं, वरून बघितलं, खालून बघितलं, तारा तपासल्या. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हरलो, बेटी." बाबा त्या वेळी गल्ल्यामागे जाऊन काहीतरी शोधायला लागले. ते काही शोधत नव्हते, डोळे पुसत होते.

त्यांनी त्या काचेला सागवानी फ्रेम केली. फ्रेमवाल्यांचा नियम आहे की चांगली बाजू आत, म्हणजे चित्राला हात लागत नाही. बाबांनी हा नियम आयुष्यात एकदाच मोडला. थर त्यांनी मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याने बोट फिरवून खात्री करावी की इथे तार नाही, काही नाही, माझ्या लेकीचं काम आहे. फ्रेम गणपतीच्या शेजारी लागली. निघताना मी ऐटीत सांगून गेले, "बाबा, धूळ बसू देऊ नका हं. धूळ बसली तर पारदर्शक कोण म्हणेल?"

पुढे मला पुण्याला कॉलेजात नोकरी लागली आणि महाडला येणं सणावारावर आलं. बाजारातून बातम्या मात्र येत. नाते गावाहून आलेल्या वऱ्हाडाने दिवा बघितला. कोर्टातल्या वकिलांनी बघितला. पोलादपूरच्या शाळेतल्या एक बाई आठवी-नववीच्या मुलींना एसटीने घेऊन खास दिवा बघायला आल्या, आणि बाबांनी म्हणे त्यांना सांगितलं की हे बाईमाणसाचं काम हाय, नीट बघा. फोनवर हे ऐकून मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

चार-पाच वर्षांनी एका उन्हाळ्यात मी दुकानात गेले आणि सवयीने बटण दाबलं. दिवा लखलखीत लागला. मी बघतच राहिले. मी दिला होता तेव्हा डाळिंबाचा दाणा होता, आता गाडीचा मागचा दिवा झाला होता. बाबा जेवायला घरी गेले होते. मी चाचांच्या गाळ्यातून मीटर आणला. चाचा देताना जरा घुटमळले, पण माझं लक्ष कुठे होतं! काचेच्या दोन कडांना मीटर लावला तर अडथळा जवळजवळ शून्य.

आता हे समजून घ्या. माझ्या थराचा अडथळा हजार ओहमच्या घरात होता. तो वर्षानुवर्षं भिंतीवर टांगून आपोआप शून्यावर आला असेल, तर मी जगातला सगळ्यात मोठा शोध महाडच्या बाजारात, गणपतीच्या शेजारी लावून ठेवला होता. काच पूर्वीपेक्षाही स्वच्छ दिसत होती, धूसरपणा नावाला नाही. पाच मिनिटं, अगदी खरंखुरं सांगते, मी मनातल्या मनात भाषण लिहीत होते. कोकणातली दमट हवा हे कारण असावं इथपर्यंत मी पोचले होते.

मग मी फ्रेम उतरवून उलटी केली. मागचा पुठ्ठा काढला. सागवानाच्या खाचेतून, काचेच्या कडेला अगदी चिकटून, केसासारखी बारीक तांब्याची तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलेली होती. काम इतकं सफाईचं होतं की असा डाख लावणारा, म्हणजे सोल्डर करणारा, माणूस महाडात एकच होता. तो शेजारच्या गाळ्यात मान खाली घालून रेडिओ उघडत होता.

"चाचा, हे काय आहे?"

"तुझ्या बापाला विचार," चाचा म्हणाले. "मला शपथ घातली आहे."

बाबा आले तेव्हा मी गल्ल्यावर उघडी फ्रेम ठेवून उभी होते. मी भडकले. दुकानात गिऱ्हाईक होतं याचंही भान मला राहिलं नाही. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता, हे मी म्हणाले. हे खोटं आहे, माझ्या नावावर तुम्ही खोटं टांगून ठेवलंत, हेही म्हणाले. बाबांनी फेटा कधी बांधला नाही, पण त्या क्षणी कुणी डोक्यावरचं काढून घेतल्यासारखे ते दिसले. मग स्टुलावर बसले.

"पोलादपूरच्या पोरी येणार व्हत्या," ते म्हणाले. "आदल्या दिवशी बटण दाबलं, तर लागंना. सेल बदलले. लागंना. चाचाला दाखवलं. तो बोलला, काचेवर काय राहिलाच नाय, सगळा पुसून गेला. मीच पुसला गो. रोज सकाळी पुसत व्हतो. तू सांगितलंस, धूळ बसू देऊ नका."

मी त्यांच्या स्टुलाशेजारी खाली बसले.

"त्या पोरी एवढ्या लांबनं येणार. त्यांना काय सांगू, दिवा लागत नाय? घरी जाऊन काय बोलल्या असत्या, बाईमाणसानं केलं ते टिकलं नाय. तू केलंस ते खरंच व्हतं. पुसलं मी. मग माझ्या चुकीपायी तुझं काम खोटं पडायचं काय?"

राग गेला होता आणि त्या जागी काय आलं ते सांगायला लाज कशाला, मला रडू आलं. रोज सकाळी उदबत्तीच्याही आधी हा माणूस माझी पदवी प्रेमाने पुसत होता, ओल्या बोळ्याने, मग कोरड्या बोळ्याने. आणि धूळ बसू देऊ नका हे मीच सांगितलं होतं. थर किती नाजूक आहे ते सांगायला मला सुचलं नाही, कारण मला तो दाखवायचा होता. दोष वाटायचा म्हटलं तर माझ्या वाट्याला मोठा तुकडा आला असता.

"बाबा, मी नवीन करून आणते," मी म्हटलं. "पण त्या मुलींना खरं सांगायला लागेल."

त्यांनी हिरकणी हातात फिरवली. "सांगू," म्हणाले.

पावसाळ्याच्या आधी मी जुन्या प्रयोगशाळेत जाऊन आठवडाभर हात काळे केले. सर निवृत्तीला आले होते. मी कशासाठी आले ते ऐकून ते मोठ्याने हसले आणि लेझर दिला. या वेळी थर आत ठेवला. थराच्या काचेवर दुसरी साधी काच बसवली, मध्ये केसभर फट, कडा बंद. फ्रेम बाबांनीच केली. चांगली बाजू आत, नियमाप्रमाणे.

पोलादपूरला आम्ही एसटीने गेलो. बाबांनी पांढरा सदरा घातला होता आणि दोन फ्रेम पिशवीत घालून मांडीवर घट्ट धरल्या होत्या, जुनी आणि नवी. शाळेच्या बाईंना मी आधी कल्पना दिली होती. त्यांनी त्या वेळच्या मुलींना, ज्या आता नववी-दहावीत होत्या, एका वर्गात बसवलं होतं. मी बोलायला उठणार, तोच बाबा उठले. वरंधचा, सातवी शिकलेला माणूस फळ्यासमोर उभा राहिला आणि त्याने जुनी फ्रेम उलटी करून सगळ्यांना तार दाखवली.

"मागल्या खेपेला तुम्ही बघितला तो दिवा तारेवर व्हता," ते म्हणाले. "तार मी लावायला सांगितली. आधी लेकीनं केलेला खरा व्हता, तो मी पुसून टाकला, मला ठाव नव्हतं. चूक माझी हाय. माझ्या लेकीची नाय."

चाळीस मुलींसमोर स्वतःचं खोटं उघडं करून दाखवणं मला जमलं असतं का, मला शंका आहे. मी माझ्या प्रबंधाचा अभिमान बाळगते, महाड टेस्टचा बाळगते, पण त्या वर्गात माझा ऊर जेवढा भरून आला तेवढा पदवी घेतानाही आला नव्हता.

मी नवी फ्रेम टेबलावर उभी केली आणि बटण दाबलं. लाल दाणा पेटला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून जवळ आली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "काका, मागच्या वेळी जास्त उजेड होता."

"व्हता," बाबा म्हणाले. "हा खरा हाय, म्हणून एवढाच हाय."

मुली एकेक करून येऊन बघून गेल्या. प्रत्येकीने काचेला बोट लावलं. सगळ्या गेल्यावर काच ठशांनी भरलेली होती. बाबांचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशात गेला आणि वर्तमानपत्राचा बोळा बाहेर आला. मग ते थांबले. बोळा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले, परवानगी नसलेल्या माणसासारखे.

"पुसा, बाबा," मी म्हटलं. "आता आत आहे."

त्यांनी सावकाश पुसली, कडेपासून कडेपर्यंत. मग फ्रेम तोंडाजवळ घेतली आणि 'हाऽ' केलं. वाफ सगळीकडे सारखी बसली आणि तिच्या शेजारी दिवा लागलेला होता.